दोन सह्यांमधले दिवस

पहिला खर्डा पुरा झाला तेव्हा तो मी सर्वांत आधी आमच्या वाड्यावरच्या एका मुलीला वाचायला दिला. वय २१, बी.कॉम. झालेली, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नुकतीच नोकरीला लागलेली. चार फुलस्केप वह्या तिनं आठ दिवसांत परत आणल्या, पायरीवर टेकली आणि म्हणाली, "मावशी, रेवती २२ वर्षांची आहे हे तुम्ही लिहिलंय म्हणून कळतं. नाही तर ती १५ ची वाटते."

रेवती म्हणजे माझ्या कादंबरीची नायिका. उल्हास ३८ वर्षांचा. दोघांमध्ये १६ वर्षांचं अंतर, आणि त्या अंतरातून उभं राहिलेलं प्रेम हाच कादंबरीचा विषय. म्हणजे त्या मुलीनं बोट ठेवलं होतं ते एखाद्या प्रसंगावर नव्हे, पायावरच. रेवती मनानं बाई झालेली नसेल, तर मी लिहिलं ते प्रेमच नव्हे, दुसरंच काहीतरी. आणि ते मला माझ्या नावावर नको होतं. त्या रात्री वह्या पुन्हा उघडल्या. पहिल्या ७० पानांत रेवतीनं स्वतःच्या मनानं एकही गोष्ट केलेली नव्हती. उल्हास समजावून सांगतो, उल्हास गाडीनं सोडतो, उल्हास बिल देतो. ही बघते, ऐकते, लाजते. हातात पैसे नाहीत, मैत्रीण नाही, कुणाशी भांडणसुद्धा नाही.

मी गोव्यात, फोंड्याच्या एका पतसंस्थेत नोकरी करते. पहाटे साडेचारला उठायचं आणि पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजेपर्यंत लिहायचं, असं तोवर वर्षभर चाललं होतं. वर्षभराची पहाट वाया गेली असं वाटून दोन-तीन आठवडे मी वहीला हातच लावला नाही.

हा विषय मी का घेतला ते सांगायला हवं. माझ्या आईचं लग्न १९७२ साली झालं. ती २० वर्षांची, बाबा ३४. त्या अंतराला कुणी नावसुद्धा दिलं नाही. "मुलगा वयानं जरा मोठा आहे, पण नोकरी सरकारी" एवढ्यावर बोलणं मिटलं होतं. आणि आज एखाद्या मुलीनं स्वतःहून १६ वर्षांनी मोठा माणूस निवडला, की देवळाच्या पायरीपासून बस स्टँडपर्यंत कुजबुज सुरू होते. घरच्यांनी ठरवलं तर अंतर चालतं, तिनं ठरवलं तर चालत नाही, हे मला लहानपणापासून टोचत आलं आहे.

विषय सांगितला की जुनी माणसं एकच विचारायची, "म्हणजे शारदाच की!" देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ सालचं. म्हाताऱ्याला पैशांसाठी दिल्या जाणाऱ्या मुलीची ती गोष्ट मराठी माणसाच्या मनात इतकी खोल बसली आहे, की वयातलं अंतर म्हटलं की आधी तीच उभी राहते. मला त्याचा राग येत नाही. ते नाटक त्या काळी लिहिलं जाणं फार गरजेचं होतं. पण शारदेला कुणी विचारलंच नव्हतं, आणि माझी रेवती स्वतः विचारणारी आहे. अवघड असं की विचारायला जी उमज लागते ती २२ व्या वर्षी पुरी आलेली नसते. कायद्यानं माणूस १८ व्या वर्षी सज्ञान होतो, पण सज्ञान होणं आणि मोठं होणं यांत काही वर्षं जातात. जेफ्री आर्नेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं २००० साली त्या वर्षांना वेगळं नाव दिलं, साधारण १८ ते २५ हा टप्पा धरून. पुढे २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट मार्टिन्स प्रेसनं त्या वयाच्या वाचकांसाठी 'न्यू अडल्ट' हा शब्द पुढे आणला आणि इंग्रजीत त्या नावाचं दालनच उभं राहिलं. मराठीत आपण त्या वयाला 'लग्नाचं वय' म्हणतो आणि मोकळे होतो. मला नेमकं त्या वयाचं लिहायचं होतं: पहिला पगार, पहिलं खोटं, घरी न विचारता केलेला पहिला प्रवास.

दुसरा खर्डा लिहायला बसले तेव्हा आधी एकच प्रश्न लिहून भिंतीला चिकटवला: ती नाही म्हणाली तर तिचं काय जाईल?

पहिल्या खर्ड्यात उल्हास गावातल्या नाटकाचा दिग्दर्शक होता आणि रेवती त्याच्या नाटकात काम करत होती. आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंडा तालुक्यात, जत्रेला मराठी नाटक ठरलेलं. पालखी होते, मग मध्यरात्रीच्या सुमाराला पडदा वर जातो आणि पहाटे तीन-साडेतीनपर्यंत प्रयोग चालतो. हे जग मी अगदी जवळून पाहिलेलं, म्हणून ते लिहिताना हात चालायचा. पण दिग्दर्शकाला नाही म्हटलं तर रेवतीची भूमिका जाणार, गावात बोभाटा होणार. मग तिच्या होकाराला किंमत किती? दिग्दर्शक बदलावा लागला. कागदावर हे एका ओळीत होतं. प्रत्यक्षात माझी ११० पानं गेली.

आता उल्हास झाला बाहेरून बोलावलेला प्रकाशयोजनाकार. मंडपाच्या मागच्या टोकाला डिमर घेऊन अंधारात बसणारा. आणि रेवतीला मी रंगमंचावरून काढून विंगेत नेलं. ती प्रॉम्प्टर झाली. पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेली, मांडीवर संहिता, बॅटरीच्या काचेवर रुमाल बांधलेला, म्हणजे उजेड बाहेर फुटू नये. कुठला नट कुठे अडखळतो ते तिनं समासात पेन्सिलीनं टिंबं काढून ठेवलेलं असतं. एक टिंब म्हणजे थांबेल, दोन म्हणजे विसरेल. राजाचं काम करणारा गृहस्थ तिसऱ्या अंकातलं लांब स्वगत दर तालमीला विसरायचा. प्रयोगात तो विसरतो तेव्हा रेवती त्याला मूळ वाक्य देत नाही. ते इतकं लांब असतं की तो आणखी गडबडला असता. त्याऐवजी ती पाच शब्दांचं स्वतःचं वाक्य देते, तो ते उचलतो आणि प्रेक्षकांतून टाळी येते.

पहाटे मंडपातले दिवे काढताना उल्हास तिला विचारतो, "ते वाक्य तुम्ही बदललंत ना?"

या एका वाक्यानं माझी कादंबरी सुरू झाली असं मी मानते. त्याच्या आधी पहिल्या खर्ड्यात काय होतं? पावसात भिजलेली रेवती आणि छत्री धरणारा उल्हास. आता तो तिचं काम बघतो, तिच्या चेहऱ्याकडे बघण्याच्या आधी. आणि '३८' म्हणतो 'तुम्ही', '२२' ला.

हे 'तुम्ही' मला सहज सापडलं नाही. आमच्याकडे घरात बोलणं कोकणी आणि लिहिणं-वाचणं मराठी. १९८७ च्या राजभाषा कायद्यावरून बाहेर केवढं रण माजलं होतं, पण आमच्यासारख्या घरांत दोन्ही भाषा एकाच चुलीवर शिजतात. आमच्या घरात आम्ही बाबांनाही 'तूं'च म्हणत आलो. मराठीत लिहायला बसलं की मात्र दर माणसाशी ठरवावं लागतं, 'तू' की 'तुम्ही'. पहिल्या खर्ड्यात उल्हास पहिल्या भेटीपासून 'तू' म्हणत होता आणि रेवती शेवटपर्यंत 'तुम्ही'. ते मी न ठरवता लिहिलं होतं, आणि म्हणूनच ते सगळ्यांत खरं होतं: माझ्याच हातानं तिला खालच्या पायरीवर बसवलं होतं.

दुसऱ्या खर्ड्यात दोघंही 'तुम्ही'. मग 'तू' आधी कुणी म्हणायचं? यावर मी महिनाभर अडकले. तीन वेगवेगळे प्रसंग लिहिले, भांडणाचा, आजारपणाचा, एक तर चांदण्यातलाही. सगळे फाडले. शेवटी ते रायबंदरच्या फेरीबोटीवर झालं. चोडणला जायला दोघं चढतात, बोट सुटायची घंटा होते, आणि रेवती मागे वळून म्हणते, "तुझी छत्री राहिली." बस्स. म्हणून झाल्यावर तिलाच ऐकू येतं. मांडवी ओलांडेपर्यंत दोघं काहीही बोलत नाहीत. पाण्याकडे बघतात आणि बोटीवरच्या स्कूटरी मोजतात. मी लिहिलेल्या पानांतलं मला सर्वांत आवडतं पान ते आहे.

कोकणीतली एक गोष्ट मराठीत आणताना मला फार त्रास झाला आणि आनंदही झाला. आमच्या कोकणीत लहान मुलीला, तरुण मुलीलाही, नपुंसकलिंगात बोलतात. "तें खंय गेलें?" म्हणजे ती कुठे गेली. "ताका विचार" म्हणजे तिला विचार. वयानं मोठी बाई असली की "ती खंय गेली?", "तिका विचार". लग्न झालं, दोन मुलं झाली, तरी आई माझ्याबद्दल बोलताना अजून 'तें'च म्हणते, आणि त्यात माया असते, कमीपणा नसतो. पण रेवतीसाठी मला तेच हवं होतं: 'तें'ची 'ती' होण्याचा दिवस. मराठी निवेदनात ती पहिल्या ओळीपासून 'ती'च आहे, तिथे इलाज नाही. म्हणून घरातले संवाद मी कोकणीतच ठेवले. मुंबई-पुण्याच्या वाचकाला ते अडतील का, अशी भीती होती. एका पुणेकर मैत्रिणीला वाचायला दिलं. दहा पानांनंतर तिला शब्द अडेनासे झाले आणि ४० व्या पानावर तिनं स्वतःच विचारलं, "ही काकू हिला 'ते' का म्हणते गं?" म्हणजे लक्षात येतं. मग मी निर्धास्त झाले.

शारीरिक जवळिकीचं प्रकरण मी टाळणार नव्हते. २२ वर्षांच्या मुलीचं मोठं होणं लिहायचं आणि शरीर वगळायचं, हे मला खोटं वाटतं. मराठीत अडचण अशी, की शरीराचे शब्द एक तर पोथीतले, नाही तर शिवीतले. मधले शब्द आपण घडवलेच नाहीत. मी शेवटी हात, मान, खांदा, श्वास एवढ्याच साध्या शब्दांवर भागवलं आणि एक पाळलं: हात आधी रेवतीचा पुढे होतो.

आता सह्यांबद्दल. गोव्याबाहेरच्या वाचकाला सांगावं लागतं, की आमच्याकडे लग्न दोन सह्यांनी पुरं होतं. पोर्तुगिजांचा १८६७ चा नागरी कायदा कुटुंबाच्या बाबतीत १९६१ च्या मुक्तीनंतरही चालू राहिला आणि तो सगळ्या धर्मांना लागू आहे. दोघांनी नागरी निबंधकाच्या कचेरीत जाऊन लग्नाचा इरादा नोंदवायचा, ती पहिली सही. मग कचेरीत नोटीस लागते, कुणाची हरकत असेल तर ती घ्यायला मुदत मिळते, आणि त्यानंतर दुसरी सही. दुसरी सही झाल्याशिवाय लग्न पुरं नाही. मधल्या दिवसांत मुलगी ना माहेरची ना सासरची. पहिल्या खर्ड्यात हे दिवस मी साडेचार पानांत उरकले होते, त्यातही निम्मी पानं साड्यांच्या खरेदीची.

दुसऱ्या खर्ड्यात त्या दिवसांत मी उल्हासच्या थोरल्या बहिणीला रेवतीकडे पाठवलं. आमच्या कायद्यात आधी वेगळा करार केला नाही तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, दोघांची अर्धी अर्धी. आणि लग्न झाल्यावर ती व्यवस्था बदलता येत नाही. जे काय करायचं ते आधी. बहीण वाईट नाही. मी तिला मुद्दाम वाईट केलं नाही. ती व्हरांड्यात बसते, चहा घेते आणि सरळ बोलते: १६ वर्षांनी लहान आहेस, तो तुझ्या आधी जाणार, वडिलोपार्जित घराचं काय? करार करून टाक. कागद तयार करून आणलेला असतो.

हा प्रसंग लिहिताना मला कळेना की रेवती काय करेल. उल्हासला फोन लावेल, हे पहिलं सुचलं. तेच पहिल्या खर्ड्यातल्या रेवतीनं केलं असतं. मी पतसंस्थेत रोज बघते, २२-२३ वर्षांच्या मुली बापाच्या किंवा नवऱ्याच्या कर्जाला जामीन राहायला येतात आणि कुठे सही करायची एवढंच विचारतात. मी कागद त्यांच्याकडे वळवते, वाचायला सांगते. कुणी वाचतं, बऱ्याच जणी कसनुसं हसून पेन मागतात. तेव्हा रेवती पेन मागणार नाही, एवढं तरी माझ्या हातात होतं. ती म्हणते, "वाचून सांगतें." फोन कुणालाच करत नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून स्वतःच्या पगारातल्या पैशांनी वकिलाचा सल्ला घ्यायला जाते. आणि तिथे बाकावर बसल्या बसल्या तिच्या मनात पहिल्यांदाच येतं, की दुसरी सही न करणं हेही तिच्याच हातात आहे. उल्हासवर प्रेम असूनसुद्धा. ती घाबरते, मग त्या घाबरण्यातून तिला एक प्रकारचा दम येतो. करार होतो की नाही ते इथे सांगत नाही.

एवढं झालं आणि मी खर्डा आईला वाचून दाखवायला घेतला. आई ७२ वर्षांची. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बारीक अक्षर तिला त्रास देतं. संध्याकाळी ती सोप्यावर बसून देवाला जायांची, म्हणजे जाईच्या कळ्यांची, माळ करायची आणि मी वाचायची. केळीच्या ओल्या सोपटाचा धागा डाव्या हाताच्या अंगठ्याभोवती एक वेढा घेऊन धरायचा, दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, मग गाठ ओढायची, पण कळीचा देठ कापला जाणार नाही इतपतच. न बघता करते ती हे. मी वाचत होते वकिलाच्या बाकाचं पान. आईचे हात थांबले.

मग तिनं मला १९७२ मधली एक गोष्ट सांगितली. तिच्या पहिल्या आणि दुसऱ्या सहीच्या मधली. ५२ वर्षांत ती कुणालाही सांगितली नव्हती, बाबांनाही नाही. ती गोष्ट तिची आहे, मी ती कादंबरीत घातली नाही आणि इथेही लिहिणार नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे उठले आणि ते साडेचार पानांचं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. सात आठवड्यांनी थांबले तेव्हा त्याची ३८ पानं झाली होती. त्यात आईच्या गोष्टीतलं एकही अक्षर नाही. पण त्या दिवसांत किती काय घडू शकतं हे मला तिच्यामुळे कळलं, नुसत्या कायद्याच्या माहितीनं ते कळलं नसतं.

नवं प्रकरण वाचून झालं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "तिणें बरें केलें." तोवर दोन महिने ती रेवतीला 'तें' म्हणत होती: तें कितें म्हणटा, ताका विचार. मी तिला काही सांगितलं नव्हतं, व्याकरणाबद्दल तर मुळीच नाही. मी वही मिटली आणि उगाच आत जाऊन पाणी प्यायले.

प्रकाशनाची हकिगत थोडक्यात सांगते. महाराष्ट्रातल्या एका प्रकाशकानं हस्तलिखित सात महिने ठेवून घेतलं. मग कळवलं, की तिला २७ ची करा, त्याला ३५ चा करा, आणि गोव्याची कादंबरी असून समुद्र कसा नाही? मला दुखलं ते दिरंगाईपेक्षा या शेवटच्या वाक्यानं. आमच्या फोंडा तालुक्याला समुद्र नाही. इकडे मांडवी, तिकडे जुवारी, मध्ये देवळं, कुळागरं, सुपारी आणि जायांचे मळे. गोवा म्हटलं की किनारा, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठीच खरं तर हे लिहायला हवं होतं. आणि आठ वर्षांचं अंतर ठेवलं असतं तर मला ही कादंबरी लिहायचीच नव्हती. मी नाही कळवलं.

मग स्वतःच छापायचं ठरवलं. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो, त्याला शुल्क नाही. अर्ज ऑनलाइन केला, मुलानं मदत केली. टंकलेखन मी स्वतः युनिकोडमध्ये केलं, रोज पाच पानं, म्हणजे लिहितानाचा तिसरा हात आपोआप फिरला आणि आणखी २० पानं गळली. ३०० प्रती काढायच्या ठरल्या. पैसे माझ्या आवर्ती ठेवीतले.

गेल्या आठवड्यात शेवटची प्रुफं आली. मुद्रणालयातला अक्षरजुळणी करणारा मुलगा मोठा दक्ष आहे. त्यानं पान २७१ वर लाल खूण करून ठेवली होती. फेरीबोटीनंतर सगळीकडे रेवती उल्हासला 'तू' म्हणते, आणि इथेच एकदा 'तुम्ही' आलंय, चूक राहिली का, असं त्यानं फोनवर विचारलं. मी पान काढून पाहिलं. बहिणीनं कागद आणला ते उल्हासला आधीपासून ठाऊक होतं, हे रेवतीला नुकतंच कळलेलं असतं, ते पान.

"चूक नाही," मी त्याला म्हटलं. "तिथे ती रागावली आहे. तसंच राहू दे."